छप्पन्न टक्के, पण कशावर?

प्रश्न : बांगलादेशात कपडे कारखान्यांतले किमान वेतन ८,००० वरून १२,५०० टाका (तिथले चलन) झाले, म्हणजे ५६ टक्के वाढ. तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये ढाक्याजवळच्या आशुलिया, गाझीपूरचे कामगार रस्त्यावर का?

उत्तर : मागणी २३,००० ची होती आणि मालकांनी सुरुवात १०,४०० पासून केली, राग तिथेच पेटला. पण खरी गोम टक्केवारीत आहे. ८,००० हा २०१८ चा आकडा. त्यात मूळ वेतन ४,१००, त्याच्या निम्मे घरभाडे २,०५०, आणि औषधपाणी, प्रवास, जेवण मिळून १,८५०. मूळ वेतनावर दरसाल ५ टक्के वाढ ठरलेलीच होती. तेव्हा डिसेंबर २०१८ ला लागलेल्या हेल्परचे (सर्वांत खालच्या श्रेणीतल्या मदतनीस बाईचे) मूळ वेतन चार वाढींनंतर ४,९८४ होते आणि एकूण पगार ९,३२५ च्या घरात जातो. तिच्या दृष्टीने वाढ ३४ टक्केच, आणि मधल्या महागाईचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

नव्या १२,५०० मध्येही मूळ वेतन फक्त ६,७०० आहे. ओव्हरटाइम दुप्पट असतो खरा, पण मूळ वेतनाच्या: ६,७०० भागिले महिन्याचे २०८ तास, गुणिले दोन, म्हणजे तासाला सुमारे ६४ टाका. एकूण पगारावर धरला असता तर १२० पडले असते. रोज दोन तास जास्त, असे २६ दिवस शिवले की हाती येतात ३,३५०. नेमके घरभाड्याच्या रकान्याइतके! म्हणून पगारपत्रक हाती आले की आधी मूळ वेतन बघावे, एकूण आकडा नंतर.

वरच्या श्रेणीतल्या ऑपरेटरांचे दुखणे वेगळे. २०१८ च्या तक्त्यात त्यांच्या वाट्याला वाढ नावापुरतीच आली होती. जानेवारी २०१९ च्या संपानंतर सातपैकी सहा श्रेणींचे दर सरकारला पुन्हा काढावे लागले.

प्रश्न : संप झाला की गेटवर ‘१३(१)’ची नोटीस लागते, ती काय असते?

उत्तर : २००६ च्या श्रम कायद्याचे ते कलम. संप बेकायदेशीर असेल तर मालक कारखाना बंद करू शकतो आणि संपात उतरलेल्यांना त्या दिवसांचे वेतन मिळत नाही. मेख अशी की नोटीस सरसकट सगळ्यांना लावली जाते. शिवणविभागाने काम थांबवले म्हणून कटिंग किंवा फिनिशिंग विभाग बंद पडला, तर तिथल्यांना १३(२) लागू होते: पहिल्या तीन दिवसांची ले-ऑफ भरपाई (काम न मिळालेल्या दिवसांसाठीची), पुढे काही नाही. हजेरी कार्डाची प्रत जवळ नसेल, तर आपण संपात नव्हतो हे दाखवणेच अवघड होते आणि ते तीन दिवसही हातचे जातात.