थांबता येतं का, ते आधी सांग

पोरा,

काल बाइक सर्व्हिसिंगला सोडून गेलास आणि पुन्हा मागे फिरून गाळ्याच्या दाराशी घुटमळलास. "काका, मला गाडी चालवताना भीती वाटते. म्हणजे मी कच्चा आहे का?" गिऱ्हाइकं उभी होती, मी नुसतं "बघू" म्हणालो. रात्री तुझी गाडी खोलली आणि उत्तर सापडलं. हो, कच्चा आहेस. भीतीचा त्यात काही दोष नाही, दोष तुझ्या ब्रेक लावण्याचा आहे.

मागच्या चाकाचे लायनर संपलेत. गाडी चार हजार किलोमीटरसुद्धा पळालेली नाही आणि लायनर पार पत्र्याला टेकायला आलेत. पुढचे डिस्क पॅड काढून बघितले, तर ते कोरे करकरीत. म्हणजे पुढच्या ब्रेकला तू बोटच लावत नाहीस. सायकल शिकताना कुणीतरी बजावलं असेल, पुढचा दाबू नकोस, तोंडावर पडशील. तुझ्या एकट्याची गोष्ट नाही ही, माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पोरांच्या गाड्या हेच सांगतात. माणूस खोटं बोलेल, लायनर बोलत नाही.

नीट ऐक. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं. पुढचे शॉकअप बसतात, पुढचा टायर रस्ता धरतो आणि मागचं चाक हलकं होतं. कोरड्या रस्त्यावर जोरात थांबायचं तर सत्तर टक्के काम, कधी त्याहूनही जास्त, पुढचा ब्रेक करतो. तू नेमका हलक्या झालेल्या चाकावर सगळा भार टाकतोस, मग ते लॉक होतं, म्हणजे फिरायचंच थांबतं, आणि गाडी मागून सरकते. परवा घणसोलीच्या सिग्नलला घसरली म्हणालास ना, ती अशीच घसरली. आणि "एबीएस आहे ना", म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय आहे, हे मला ऐकवू नकोस. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं, खरं आहे. पण तुझ्या गाडीचं एबीएस सिंगल चॅनलचं, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. ज्या ब्रेकला तू हात लावत नाहीस, त्यावरच्या सोयीचे पैसे तुझ्या वडिलांनी भरलेत.

आता तुझे मित्र. रविवारी पहाटे नवी मुंबईतल्या पाम बीच रोडला बोलावतात, रील काढतात, तू मागे राहिलास की फट्टू म्हणतात. त्यांच्या नावाने बोटं मोडायला मी बसलेलो नाही. आमच्या वेळी यामाहाची आरएक्स 100 होती आणि मोबाइल नव्हता, कट मारणारे तेव्हाही होतेच. जाऊ की नको, हे मला विचारू नकोस. मी उलट तुलाच विचारणार: थांबता येतं का?

ताशी 60 च्या वेगात गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरपेक्षा जास्त जाते. समोर काही आलंय हे ध्यानात येऊन हात लिव्हरवर जाईपर्यंत साधारण तेवढा एक सेकंद जातो. मग ब्रेक लागायला सुरुवात. रस्ता कोरडा, टायर चांगले, दोन्ही ब्रेक नीट वापरले, तर 60 वरून उभं राहायला सगळे मिळून 37 मीटरच्या आसपास लागतात. 80 वरून 58. यातली मेख अशी, की 60 वाला जिथे पूर्ण थांबला, त्या जागी 80 वाल्याची गाडी अजून साठनेच पळत असते. वीसचाच तर फरक, असं तुम्ही पोरं म्हणता. पहाटेचा पाम बीच रिकामा असतो हाही तुमचाच शोध. फिरायला निघालेले म्हातारे, सायकलवाले, फ्लेमिंगो बघायला कडेला गाडी लावून उतरलेली माणसं, हे सगळे त्याच वेळी त्याच रस्त्यावर असतात. ते तुझं रील बघायला आलेले नसतात.

शायनिंग मारताना नेमकं काय बिघडतं, ते कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. हात बिघडत नाही, डोळा बिघडतो. आपल्याकडे कोण बघतंय हे बघायला मान वळते. मागे बसलेली व्यक्ती घाबरली की हसली हे आरशात बघावंसं वाटतं. कॅमेरा शेजारच्या गाडीवर असेल तर नजर तिकडे. आणि गाडी नजर जाईल तिकडे जाते, हे तू वळणावर स्वतः अनुभवलं असशील. डिव्हायडरकडे टक लावून बघणारा डिव्हायडरवरच जातो. एक सेकंद मान वळली की साडेसोळा मीटर गेले, हिशेब वर केलाच आहे.

ग्रुपचं आणखी एक. नव्या पोराला तुम्ही सगळ्यात शेवटी ठेवता. पुढचा थोडा पळाला, दुसरा त्याला गाठायला आणखी थोडा, आणि शेवटच्याला साखळी तुटू नये म्हणून सगळ्यांपेक्षा जोरात हाकावी लागते. म्हणजे सर्वांत कच्चा गडी सर्वांत जास्त वेगात. याला अक्कल म्हणतात का? नवा माणूस पुढच्याच्या पाठोपाठ, दुसऱ्या नंबरला हवा, आणि पुढच्याने त्याच्या बेताने चालवायची. तुझ्या ग्रुपला हे पटत नसेल तर तो ग्रुप गाडी चालवायला निघालेलाच नाही.

तू गाडीचे आरसे काढून घरी ठेवलेस. वर मला सायलेन्सर बदलून मागतोस. मी देत नाही, हे सेक्टरभर सगळ्यांना ठाऊक आहे. याच पायी माझा भागीदार वेगळा झाला. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक मागेल ते द्यावं, आपण काय त्यांचे आईबाप आहोत? आज त्याचा गाळा माझ्यापेक्षा मोठा आहे, शनिवारी पोरांची रांग लागते. रस्त्यात भेटला तर मान फिरवतो. जुना दोस्त गेला त्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. आरसे काढून दिले नाहीत त्याचं तसूभर वाटत नाही. बहीणसुद्धा रुसली होती, सोळा वर्षांच्या भाच्याला मी गाडीची चावी दिली नाही म्हणून. गिअरच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक अडकतो: 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, वर गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मी तिला कायदा वाचून दाखवला. खरं सांगायचं तर कायदा नसता तरी दिली नसती. हट्टी म्हणतात मला. म्हणू देत. शॉकअपच्या वाकलेल्या नळ्या माझ्याकडे येतात, त्यांच्याकडे नाही.

हेल्मेटवर काही लिहीत नाही, तू घालतोस. पट्टा मात्र लावत जा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पडताना तुझ्या आधी उतरतं.

ठाणे-बेलापूर रोडबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण तू रोज तिथूनच कॉलेजला जातोस. ट्रेलरच्या डाव्या अंगाने घुसू नकोस. एमआयडीसीत डावीकडे वळायचं असलं की ट्रेलरवाला आधी उजवीकडे घेतो. तुला वाटतं, त्याने वाट दिली. तसं नसतं. पुढची चाकं लांबून फिरतात आणि मागची आत कापत येतात, त्या चिंचोळ्या जागेत तू असलास तर त्याला आरशात दिसतसुद्धा नाहीस. हॉर्न वाजवून काही होत नाही, केबिनमध्ये ऐकू जात नाही. मागे राहायचं. त्याच्या पुढची जागा आपल्याला दिसत नसेल तर आपण तिथे थांबणार कसे? पुन्हा तेच आलं बघ. दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, मग तो ट्रेलर असो, वळण असो, नाहीतर जुलैतला पाणी भरलेला खड्डा.

पावसाचंही तेच. पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल वर येतं, पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना. वळणात, वाळूवर पुढचा खेचायचा नाही.

मित्र म्हणतात, भीती मेली की कॉन्फिडन्स येतो. मूर्ख आहेत. तुला गाडी थांबवता येत नाही हे तुझ्या अंगाला कधीच कळलंय, म्हणून ते घाबरतं. शहाणं अंग आहे तुझं. त्याला शिव्या घालण्यापेक्षा त्याला ब्रेक शिकव.

रविवारी सकाळी साडेसहाला रबाळे एमआयडीसीत ये, आतल्या रस्त्यांवर त्या वेळी कुत्री सोडून कुणी नसतं. खडूने रेघ मारतो. तीसने यायचं आणि रेघेवर ब्रेक लावायला सुरुवात करायची. पुढचा लिव्हर दोन बोटांनी, आधी हलका, शॉकअप बसल्याचं हाताला कळलं की मग जोर. मागचा सोबत, बेताने. नजर लांब. तीसवर हात बसला की चाळीस. त्या दिवशी पन्नासला जाणार नाही, आग्रह करू नकोस. मित्रांनाही आण, मोबाइलसकट. नव्या लायनरचे पैसे लावतोय, शिकवण्याचे नाही.

घरी ठेवलेले आरसे घेऊन ये, सुरू करण्याआधी बसवू. आणि बूट घाल. चपलेत आलास तर तसाच परत पाठवीन.

तुझा,
गॅरेजवाला काका