जुनी निकॉन ८०-२०० घेताना एएफ-एस की एएफ-डी?

तुमचा प्रश्न असा: निकॉन डी७२०० आहे, लग्नाच्या कामासाठी जुनी ८०-२०० एफ/२.८ झूम लेन्स घ्यायची आहे, कोल्हापुरातच दोन मिळताहेत, एक एएफ-एस (फोकसची मोटर लेन्समध्येच) आणि एक एएफ-डी (मोटर कॅमेऱ्यातली). एएफ-एसचा फोकस झटकन आणि बिनआवाजी, पण तिचे सुटे भाग मिळत नाहीत असं ऐकलंय. मग कुठली घ्यावी?

एएफ-डी घ्या. दोन्ही वापरून सांगतोय.

माझी एएफ-एस लग्नाचं काम करणाऱ्या एका फोटोग्राफरकडून घेतलेली. काच स्वच्छ होती, पहिलं वर्ष झकास गेलं. मग जोतिबाच्या चैत्र यात्रेत, सासनकाठ्या नाचत असताना, फोकस करताना आतून बारीक ‘चीं’ असा आवाज यायला लागला. मला वाटलं गुलाल गेला. घरी येऊन कड्यांच्या रबरातला सगळा गुलाल ब्रशने काढला, तरी आवाज तसाच. सुरुवातीच्या एएफ-एस लेन्सांची मोटर अशीच आधी चिरकते आणि मग बंद पडते, हे मला नंतर कळलं. दिवाळीच्या आधी ती बंदच पडली. दुरुस्तीवाल्याने तीन महिने ठेवून घेतली आणि मोटर मिळत नाही म्हणून परत दिली. हाताने फोकस होत होता, पण वरातीत नवरदेव नाचत असताना २.८ वर हाताने फोकस पकडणं म्हणजे दहातले आठ फोटो वाया.

एएफ-डीत मोटरच नाही. कॅमेऱ्यातली मोटर माउंटवरच्या (लेन्स बसते त्या कड्यावरच्या) छोट्या स्क्रूने लेन्सचे गियर फिरवते, आणि तुमच्या डी७२०० मध्ये ती मोटर आहे. (डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत नाही, त्यांच्यावर या लेन्सचा ऑटोफोकस चालणार नाही.) फोकस होताना घर्र आवाज येतो, वेगही थोडा कमी. मी ते आनंदाने सोसतो.

जुनी लेन्स घेताना मी एकच गोष्ट बघतो. यातलं जे बिघडेल ते आपल्या उद्यमनगरात लेथवर होईल का? कडी, स्क्रू, पिन, बुश, हे सगळं आपल्याकडे होतं. याच गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा घडवला होता. पण फोकसची मोटर, सर्किट आणि आतली रिबनसारखी पातळ केबल कुठल्याच लेथवर होत नाही. ते फक्त कंपनीकडून किंवा दुसऱ्या मेलेल्या लेन्समधूनच मिळतं.

एएफ-डीचंही एक दुखणं आहे, ते आधीच सांगतो. झूम आणि फोकसची वेगवेगळी कडी असलेल्या दोन कड्यांच्या मॉडेलवर ऑटो आणि मॅन्युअल बदलायची ए-एम लिहिलेली प्लास्टिकची कडी असते, तिला चीर जाते. बघायला जाल तेव्हा बोटाने कडी पूर्ण फिरवून पाहा, बटणाच्या आजूबाजूला नख फिरवा. केसाएवढी रेघसुद्धा नखाला लागते. माझ्या लेन्सला ती होती. लेथवाल्याने मापं घेऊन ॲल्युमिनियमची पातळ पट्टी बाहेरून आवळून दिली, अजून घट्ट आहे. चीर असेल तर भाव पाडा, पण तेवढ्यासाठी लेन्स सोडू नका.

आता काच. मागच्या बाजूची छोटी दांडी दाबून ॲपर्चर (उजेड आत सोडणारं पात्यांचं भोक) उघडा आणि पुढून मोबाइलची टॉर्च मारून मागून तिरकं बघा. धूळ दिसणारच, ती सोडून द्या. झाडाच्या मुळांसारखे किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चार महिने चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती लागतेच. वरच्या काचेवर नुकती आलेली निघते, आतल्या काचेचं कोटिंग खाल्लेली निघत नाही. सगळी काच एकसारखी दुधाळ दिसली तर लेन्स न घेता परत या.

मग ॲपर्चरची कडी २२ वर आणून ती दांडी पटकन सोडा. पाती चटकन मिटली पाहिजेत. सुस्त मिटत असतील तर पात्यांवर तेल उतरलंय आणि फोटो उजळ येतील. कॅमेऱ्यावर लावून एफ/१६ ला ओळीने आठ-दहा फोटो काढा, सगळ्यांचा उजेड सारखा हवा. कडी २२ वर लॉक केली नाही तर कॅमेरा ‘एफईई’ दाखवतो, तो बिघाड नाही, घाबरू नका.

एक अपवाद मात्र आहे. वर्ष-दोन वर्षांत निकॉनच्या झेड मिररलेसवर जायचा विचार असेल तर एएफ-डी घेऊ नका. जुन्या लेन्स झेडवर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, फोकस हातानेच करावा लागेल. तिथे एएफ-एस चालते, पण मग २००३ नंतरची ७०-२०० व्हीआर (हाताचा थरथराट सावरणारी) बघा, थोडे पैसे साठवावे लागले तरी.

एएफ-डी घेतलीत तर बुरशी लागलेली, पडलेली, कवडीमोलाने मिळणारी तशीच दुसरी एक शोधत राहा, सुटे भाग काढायला. मॉडेल तंतोतंत तेच हवं. एकाच कडीने ओढून-ढकलून झूम होणारी जुनी एएफ-डी वेगळी, तिचे भाग हिला बसत नाहीत. माझ्याकडे अशी एक हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवलेली आहे, आणि तिचे दोन स्क्रू आणि ॲपर्चरची कडी माझ्या चालू लेन्समध्ये आज काम करताहेत.