चार पिवळ्या रेषांच्या अलीकडे

वास्को, गोवा

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

मोपा विमानतळावर तुझी नेमणूक झाली आणि धावपट्टीच्या तपासणीची जीप चालवण्याचे प्रशिक्षण लवकरच सुरू होत आहे, हे वाचून फार आनंद झाला. ‘माझे काम फक्त गाडी चालवण्याचे, विमानांचे बघायला मोठी माणसे आहेत,’ असे तू लिहिले आहेस. ते मात्र मला मान्य नाही. धावपट्टीच्या संरक्षित भागात नको तेव्हा विमान असो, वाहन असो किंवा माणूस असो, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिन्ही गोष्टी ‘रनवे इन्कर्शन’ या एकाच व्याख्येत बसतात, आणि जीप छोटी म्हणून तिला त्यात कोणतीही सूट नाही.

पेरू देशातील लिमा विमानतळावर 18 नोव्हेंबर 2022 रोजी झालेल्या अपघाताची माहिती आधी मिळवून वाच. अग्निशमन दल किती वेळात पोहोचते हे तपासण्याचा सराव त्या दिवशी ठरलेला होता आणि तो ठरल्याचे संबंधितांना कळवलेलेही होते. परंतु सराव ठरलेला असणे वेगळे आणि त्या क्षणी धावपट्टीवर शिरण्याची परवानगी मिळणे वेगळे. उड्डाणासाठी वेगाने धावणारे प्रवासी विमान धावपट्टीवर आलेल्या अग्निशमन गाडीवर आदळले. विमानातील सर्व जण वाचले, पण गाडीतील जवानांनी प्राण गमावले. ती माणसे आपल्या कामात तरबेज होती. आपल्याला जायचेच आहे, ही गोष्ट मनात पक्की झाली की परवानगी मिळालीच आहे असे वाटू लागते, आणि या क्षेत्रातला सर्वांत मोठा धोका मी यालाच मानतो.

थोडा हिशेब मांडतो. उतरणारे प्रवासी विमान साधारणपणे सेकंदाला 70 मीटर अंतर कापते. मोठ्या धावपट्टीवर थांबण्याची रेषा मध्यरेषेपासून बहुधा 90 मीटरवर असते, म्हणजे एका बाजूच्या रेषेपासून दुसऱ्या बाजूच्या रेषेपर्यंत 180 मीटर. ताशी 30 किलोमीटर वेगाने जीपला ते ओलांडायला सुमारे 22 सेकंद लागतात आणि तेवढ्यात विमान दीड किलोमीटर पुढे आलेले असते. ‘पटकन जाऊन येतो’ या विचाराला तिथे जागा नाही.

आता त्या रेषेविषयी, कारण तुझे सगळे काम तिच्याभोवती फिरणार आहे. टॅक्सीवेवर, म्हणजे विमाने धावपट्टीकडे ये-जा करतात त्या रस्त्यावर, आडव्या चार पिवळ्या रेषा असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेषा तुझ्या बाजूला असतील तर परवानगीशिवाय चाकही पुढे जाता कामा नये. धावपट्टीवरून बाहेर पडताना तुटक रेषा आधी येतात, त्या ओलांडायच्याच असतात, परंतु गाडीचा मागचा भाग चारही रेषांपलीकडे गेल्याशिवाय ‘रनवे व्हेकेटेड’, म्हणजे धावपट्टी सोडली, असे कळवू नकोस. तुझे ते दोन शब्द ऐकल्यावरच टॉवर पुढच्या विमानाला मोकळीक देणार आहे. पावसाळ्यात रात्रीच्या वेळी, रंगावर पाण्याचा थर साचलेला असताना, हेडलाइटच्या उजेडात या रेषा दिसेनाशा होतात. म्हणून बाजूच्या लाल पाटीवरचे पांढरे आकडे पाहण्याची सवय डोळ्यांना पहिल्या दिवसापासून लाव. पठारावर ढग उतरले की पाटीही उशिरा दिसते. आपण नेमके कुठे आहोत याची शंका आली, तर जिथे आहेस तिथेच थांब आणि टॉवरला तसे स्पष्ट सांग, मात्र आपण धावपट्टीवरच असू असे वाटले तर लगेच बाहेर पड आणि त्याच वेळी टॉवरला कळव. मिलानच्या लिनाते विमानतळावर 8 ऑक्टोबर 2001 रोजी दाट धुक्यात एक छोटे विमान चुकीच्या टॅक्सीवेने धावपट्टीवर गेले. त्याच्या वैमानिकाने वाटेतल्या एका खुणेचे नाव सांगितले होते, पण ती खूण नियंत्रकाला ठाऊक नव्हती आणि कोणीही तिथे थांबून खात्री करून घेतली नाही. जमिनीवरचे रडार त्या काळात बंद होते. उड्डाणासाठी धावणाऱ्या प्रवासी विमानाशी त्याची धडक झाली आणि 118 माणसे गेली.

रेडिओवर टॉवरने सांगितलेले जसेच्या तसे परत म्हणायचे, हे तुला प्रशिक्षणात शिकवतीलच. मला त्यापुढचे सांगायचे आहे. आपण ज्याची वाट पाहत असतो तेच कानांना ऐकू येते. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला ‘नंबर वन’, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिले, असे सांगून थांबण्याच्या जागेपर्यंत येण्यास सांगितले होते. भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणारे ते विमान मात्र थेट धावपट्टीवर जाऊन उभे राहिले आणि उतरणारे मोठे विमान त्याच्यावर आदळले. मोठ्या विमानातील 379 जण सुखरूप बाहेर पडले, तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. घाई चांगल्या कामाची असली तरी ती घाईच असते.

27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून 583 लोकांचा मृत्यू झाला. तिथे दोन संदेश एकाच वेळी रेडिओवर आल्याने त्यांचा कर्कश आवाज झाला आणि नेमके महत्त्वाचे शब्द बुडाले. पण माझे मन दरवेळी दुसऱ्या गोष्टीपाशी अडते. समोरचे विमान धावपट्टीवरून बाहेर पडले नाही का, ही शंका उड्डाणाला निघालेल्या विमानाच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली होती. अनुभवी कॅप्टनने ठामपणे उत्तर दिले आणि प्रश्न तिथेच संपला. तू गाडीत सर्वांत लहान असशील, शेजारी वीस वर्षे काम केलेले सुपरवायझर असतील, आणि तरीही टॉवरने ‘होल्ड शॉर्ट’ (रेषेअलीकडे थांबा) सांगितले की ‘एंटर’ (आत या) असा संशय आला, तर तू तो बोलून दाखव. उत्तर मिळाले तरी संशय राहिला, तर पुन्हा बोल. सुपरवायझरांचा मान राखूनच हे करता येते, ‘साहेब, एकदा टॉवरला विचारू या’ एवढे पुरेसे असते.

हे सगळे परदेशातच घडते असे समजू नकोस. 8 जून 2024 रोजी मुंबईत एक विमान उड्डाणासाठी धावत असतानाच त्याच धावपट्टीवर मागून दुसरे उतरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तुझ्या मोपालाच एका प्रवासी विमानाने धावपट्टीऐवजी समांतर टॅक्सीवेवरून उड्डाणाला सुरुवात केली होती आणि टॉवरमधल्या नियंत्रकाच्या वेळीच लक्षात आल्याने ते थांबवले गेले. नोव्हेंबर 2023 मध्ये दाबोळीला धावपट्टीवर कुत्रा दिसल्याने बेंगळुरूहून आलेले विमान न उतरता परत गेले. असा कुत्रा तुलाही दिसेल आणि त्याला हुसकावायला गाडी पुढे घालण्याचा मोह होईल. आधी टॉवरला कळव, परवानगी घे, मगच चाक हलव.

शेवटी अहवालाविषयी. काही घडता घडता राहिले, तर ‘काही झाले नाही ना’ म्हणून ते झाकून ठेवण्याकडे आपल्या लोकांचा कल असतो, आणि लिहिणाऱ्याकडे संशयाने पाहणारे वरिष्ठही भेटतात. मला याचा मनापासून संताप येतो, कारण आज ज्या पाटीजवळ तू गोंधळलास तिथेच उद्या दुसरा कोणी गोंधळणार आहे, आणि ते तुझ्या लिहिण्याशिवाय कोणाला कळणार नाही. त्याच दिवशी लिही. वेळ, जागा, तुला काय ऐकू आले आणि तू काय म्हणालास, एवढे असले तरी चालेल.

तुमच्या विमानतळाच्या नकाशावर ‘हॉट स्पॉट’, म्हणजे चुकून धावपट्टीवर शिरण्याचा किंवा धडकेचा धोका जास्त असलेल्या जागा, म्हणून खुणा केल्या असतील तर त्या कुठे आहेत आणि का केल्या आहेत, हे तुझ्या प्रशिक्षकांना विचारून मला पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
काका