रात्रपाळी करून ताणमुक्तीला यायचं?

प्रश्न : मी अतिदक्षता विभागात इन्चार्ज सिस्टर आहे. माझ्या हाताखालची एक मुलगी व्हेंटिलेटरवरच्या पेशंटशीही बोलत बोलत काम करायची. विभागात लागोपाठ मृत्यू झाले आणि ती बदलली. सतत दमलेली असते, नातेवाइकांना तोडून बोलते, ‘मला हे काम जमतच नाही’ म्हणते. व्यवस्थापनाने ताणमुक्तीची सक्तीची कार्यशाळा ठेवली. ही रात्रपाळी संपवून तिथे गेली आणि झोपली, तर तिची तक्रार झाली. तिने हा पेशा सोडावा का?

उत्तर : सिस्टर, त्या कार्यशाळेत ताण कुणाचा उतरला असेल तर तिचाच!

तिला न भेटता मी निदान करणार नाही. पण थकवा, कामाबद्दल आलेला तुटकपणा आणि आपण निकामी ठरतोय ही भावना, हे तिन्ही जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये स्वीकारलेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातल्या ‘बर्नआउट’च्या वर्णनात आहे. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने होणारी अवस्था म्हटलंय. म्हणून पेशा सोडण्याचं नंतर बघू, आधी तिचं ड्यूटीचं वेळापत्रक काढा.

सलग किती रात्री लागल्या? नाइट उतरल्यावर पुरेशी झोप मिळेल असा ऑफ मिळतो, की तो दिवस कार्यशाळा खाते? पुढच्या पाळीला पेशंट सोपवण्याचा हँडओव्हर रोज लांबतो का? जेवायला गेल्यावर तिचे पेशंट कुणाच्या नावावर असतात? ‘कुणीतरी बघतं’ असं उत्तर आलं, तर ती जेवत नाही असं समजा. तेवढ्या वेळापुरतं तिच्या जागी थांबणाऱ्या रिलीव्हरचं नाव फळ्यावर लिहा. एवढं तुमच्या हातात आहे. मनुष्यबळाची मागणी मात्र लेखीच करा, तारखांसकट. तोंडी मागणी राउंड संपेपर्यंतही टिकत नाही.

मृत्यूनंतर सगळ्यांना गोल बसवून ‘बोला, मोकळे व्हा’ करू नका. अशा एकवेळच्या सक्तीच्या चर्चेने पुढचा मानसिक आघात टळत नाही, असं संशोधनातून दिसलंय. काहींना उलट त्रास होतो. त्यापेक्षा त्याच शिफ्टमध्ये तिला थोडा वेळ बाहेर काढा. ‘बोलायचंय, की नुसतं बसायचंय?’ विचारा. बसायचं म्हणाली तर बसू द्या. लगेच पुढची ॲडमिशन तिच्याकडे देऊ नका.

सुट्टीतही झोप येत नसेल, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, तर हे नैराश्य असू शकतं, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवा. भेट शक्यतो दुसऱ्या रुग्णालयात असावी. आपली फाइल आपल्याच सहकाऱ्यांच्या हाती पडेल या भीतीने आपल्याकडची माणसं उपचारच टाळतात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

आणि तुमचा शेवटचा ऑफ कधी झाला, ते पत्रात कुठेच नाही. पुढच्या पत्रात तेवढं लिहा.