सगळ्यांना आवडेल असा टाइमशेअर रिसॉर्ट कोकणात बांधायचा झाला, तर तो कसा असेल?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की घरात आजी-आजोबांपासून सहा वर्षांच्या मुलीपर्यंत सगळे आहेत, टाइमशेअर (म्हणजे रिसॉर्टमधले वर्षाचे ठरावीक दिवस बऱ्याच वर्षांसाठी आधीच विकत घेणं) घ्यायचं चाललंय, पण एकाला समुद्र हवा, दुसऱ्याला पोहण्याचा तलाव, तिसऱ्याला नुसती झोप. मग कल्पनेतला का होईना, सगळ्यांना पटेल असा रिसॉर्ट असू शकतो का?

असू शकतो, असं मला मनापासून वाटतं. दापोली तालुक्यात समुद्राकाठी आमचं घर आहे. गेली बारा वर्षं त्यातल्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, जेवणखाणासकट. आणि टाइमशेअरचा अनुभव तर आमच्या घरातच आहे.

तोच आधी सांगते. माझ्या मोठ्या दिरांनी २००७ साली एका कंपनीची मेंबरशिप घेतली. पंचवीस वर्षं, दर वर्षी सात दिवस. हॉटेलात बोलावून तीन तास माहिती दिली, सवलत फक्त आजच्या दिवसापुरती आहे म्हणून सांगितलं आणि त्याच संध्याकाळी सही झाली. पुढे कळलं की शाळांना सुट्टी असते ते आठवडे वरच्या हंगामात मोडतात आणि दिरांनी घेतला होता तो त्याच्या खालचा. मे महिना त्यांना एकदाही मिळाला नाही. देखभालीचे वार्षिक पैसे मात्र गेलं काय, न गेलं काय, भरावेच लागत, आणि दर वर्षी थोडे वाढत. २०११ मध्ये आम्ही अकरा जण मिळून गेलो. दोन खोल्या मिळाल्या, एक तळमजल्यावर आणि एक दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. सासूबाईंची खोली वरची. चार दिवसांत त्या तीनदा खाली उतरल्या. दीर मोठ्या हौसेने सगळ्यांना घेऊन गेले होते. परतताना गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत.

त्या चार दिवसांचा मी नंतर खूप विचार केला. खोल्या लहान होत्या, जेवण बेताचं होतं, पण रुसवेफुगवे झाले ते त्यावरून नव्हेत. सकाळी नऊला सगळ्यांनी तयार होऊन एकत्र निघायचं, एकत्र फिरायचं, एकत्र परतायचं, आणि कुणी मागे राहिलं की इतरांचं तोंड उतरायचं, यावरून झाले. उलट आमच्या याच घरात पूर्वी मे महिन्यात चार भावांचे संसार जमायचे. सतरा माणसं आणि परसात एक संडास. तरी ते दिवस आठवले की आजही सगळ्यांचे डोळे भरून येतात. कारण दिवसभर ज्याला जिथे बरं वाटेल तिथे तो असायचा. म्हातारी माणसं पडवीत झोपाळ्यावर, बायका मागल्या अंगणात फणसाचे गरे काढत बसलेल्या, पोरं आंब्याखाली नाहीतर पुळणीवर, समुद्राच्या वाळूत. एकत्र यायचं ते फक्त रात्रीच्या पंगतीला. त्या पंगतीला मात्र कुणी चुकायचं नाही.

माझा रिसॉर्ट या एका गोष्टीवर उभा राहील: दिवसा प्रत्येकाला आपली जागा आणि रात्री सगळ्यांना एक पंगत.

खोल्या अठराच. त्याहून जास्त झाल्या की माणसं एकमेकांना ओळखेनाशी होतात. सगळं एकमजली, जांभ्या चिऱ्याचं, उतरत्या कौलांचं. तीन-तीन खोल्यांचा एक गाळा आणि प्रत्येक गाळ्यापुढे लांबरुंद पडवी. कोकणात पडवी ही सगळ्यात महत्त्वाची खोली. उन्हाळ्यात तिथे वारा लागतो, पावसाळ्यात माडाच्या झापांचा आडोसा केला की न भिजता पाऊस बघता येतो. एकत्र आलेलं कुटुंब एकाच गाळ्यात राहील, म्हणजे आजीची खोली वर आणि नातवंडं भलतीकडे असं होणार नाही. उंबरे नकोत, न्हाणीघरात धरायला दांडी हवी, कमोड हवा. एसी हवा त्याने लावावा, मला त्याचं वावडं नाही.

इमारत समुद्राच्या अगदी तोंडावर नको. विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत साधारणपणे नवं बांधकाम करता येत नाही, तसा सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांचा, नियमच आहे, पण नियम नसता तरी मी मागेच सरकले असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या गावात किनाऱ्यालगतचं काय काय गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सुरूची झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी आडवी झाली. आमच्या बागेतल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, दुपारच्या तीन-चार तासांत गेल्या. नवी पोफळ लावली तर धरायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणून मध्ये माडा-पोफळींची दाट बाग राहू दे आणि घरं तिच्या मागे. वर्षाच्या देखभालीच्या पैशांतून एक वाटा अशा वादळासाठी बाजूला पडेल आणि त्याचा हिशेब ऑफिसच्या भिंतीवर लागेल, कुणीही वाचावा असा.

बागेतून समुद्रापर्यंतच्या वाटेबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांची सुट्टी तिथेच अडते. वादळानंतरच्या डिसेंबरात आमच्याकडे कऱ्हाडचं एक कुटुंब आलं होतं. त्यांची आजी ऐंशीच्या पुढची, दोन्ही गुडघे गेलेले. समुद्र घरातून दिसतो, पण कोरड्या वाळूत पाय रुततो, काठीही रुतते. पहिल्या दिवशी त्या बागेच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या आणि "इथनं दिसतोय की" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याने वादळात पडलेल्या पोफळींची खोडं चिरून पट्ट्या काढल्या, काथ्याने बांधल्या आणि ओल्या, कडक वाळूपर्यंत अंथरल्या. व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, साकव (छोटा पूल) घालतात ना, तसाच, फक्त वाळूवरचा. आजी नातवाचा हात धरून त्यावरून गेल्या. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. लुगड्याचा घोळ एका मुठीत धरलेला. लाट परतताना टाचांखालची वाळू ओढली गेली तशी त्यांनी नातवाचा दंड घट्ट पकडला आणि म्हणाल्या, "आरं, भुई सरकतीया!" आणि हसायला लागल्या. अर्धा तास त्या तिथून हलल्या नाहीत. त्यांच्या सुनेला मी तेव्हा पहिल्यांदा निवांत बसलेली पाहिली.

असा साकव हवा. सिमेंटचा नको, पावसाळ्याआधी उचलून ठेवता आला पाहिजे.

मुलांसाठी पोहण्याचा तलाव लागणारच, मुलं समुद्र सोडून त्यातच डुंबतात हे मी मान्य केलंय. पण दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल तलाव म्हणजे साठ हजार लिटरच्या वर पाणी. हे पाणी विहिरीतून आलं तर गावाची विहीर संपली म्हणून समजा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतो, कारण जांभ्यात पाणी ठरत नाही, ते डोंगरावरून वाहून समुद्राला मिळतं. किनाऱ्यालगतच्या विहिरीचा जास्त उपसा केला की ती मचूळ होते, आणि एकदा खारं पाणी शिरलं की लवकर निघत नाही. उलट शंभर चौरस मीटरच्या कौलांवर एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पडतं. ते पन्हळींनी झाकलेल्या टाक्यांत साठवायचं आणि तलाव त्यातूनच भरायचा. टाकी तळाला गेली की त्या वर्षी तलाव बंद, मग मे महिना का असेना. सगळ्यांना आवडायचं म्हणता, त्या सगळ्यांत शेजारच्या वाडीतली माणसंही आली, असं मी धरते.

समुद्रात उतरण्याबद्दल मी कडक आहे. गावातला, पाणी ओळखणारा माणूस पगारावर हवा आणि त्याने शिट्टी मारली की बाहेर यायचं. प्रत्येक पडवीत एक फळा हवा, त्यावर आजची तिथी आणि भरतीची वेळ. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. मुलांना हे एकदा शिकवलं की ती दिवसभर बोटांवर हिशेब करत बसतात. ओहोटीला सपाट, ओल्या वाळूवर क्रिकेट होतं तसं कुठल्या मैदानावरही होत नाही. फक्त रात्री समुद्राकडच्या बाजूला दिवे नकोत. आमच्या बाजूला वेळास, आंजर्ले इथे कासवं अंडी घालतात, आणि पिल्लं अंधारात उजेडाच्या दिशेने चालतात. आपला दिवा समुद्रापेक्षा उजळ दिसला तर ती उलटी फिरतात.

जेवणाला दोन चुली. एकीवर शाकाहारी, दुसरीवर मासे, भांडीसुद्धा वेगळी. पंगत मात्र एकच, निम्म्या बाजूला भातावर वरण-तूप आणि निम्म्या बाजूला सुरमईचं कालवण. सोलकढी दोघांना. मेन्यूकार्ड नको, ऋतूप्रमाणे जे येईल ते. मार्चमध्ये ओल्या काजूंची उसळ, मेमध्ये आंबे-फणस, पावसात टाकळा, फोडशी, कुर्डू या रानभाज्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा पापलेटचा हट्ट धरू नये, खाडीचं काही मिळालं तर मिळालं, नाहीतर सुकट आहेच. स्वयंपाक गावातल्या बायकांनी करावा आणि पगार बाराही महिने मिळावा.

आता टाइमशेअरचं खरं दुखणं: आठवडे. वर्षाचे बावन्न, त्यातला एक डागडुजीला. त्यातले लोकांना हवेत ते दिवाळीचे दोन, नाताळ-नवीन वर्षाचे दोन आणि एप्रिलअखेरपासून शाळा सुरू होईपर्यंतचे पाच-सहा. पावसाळ्याचे सतरा कुणालाच नको असतात. जास्त पैसे देईल त्याला मे द्यायचा, हा सरळ धंदा झाला, पण त्यात माझ्या दिरांसारखी माणसं कायम मागे राहतात. गावाकडे देवाची पूजा, बागेचं उत्पन्न भावाभावांत पाळीने फिरतं. तसाच आठवडाही फिरू दे. सगळ्यांना एकच किंमत, आणि तुमचा आठवडा दर वर्षी पाच आठवडे पुढे सरकणार. दहा वर्षांत चक्र जवळजवळ पूर्ण होतं. सगळ्यांना एकदा मे, तीन-चारदा पाऊस. आपसात अदलाबदल करायची असेल तर पडवीतल्या फळ्यावर लिहा. ज्याच्या घरी शाळेची मुलं नाहीत तो जुलै घेईलही. मी तर घेईनच. भाताची लावणी चाललेली असते, सगळा डोंगर हिरवा झालेला, गर्दी नाही, आणि कौलांवर पाऊस सुरू झाला की दुपारी जी झोप लागते ती मला वर्षभर कुठे मिळत नाही.

आणि विकायची पद्धत बदलायची. हॉटेलातली माहितीसभा नको, भेटवस्तू नको, त्याच दिवशी सही तर मुळीच नको. ज्याला घ्यायचंय त्याने आधी घरच्या सगळ्यांना घेऊन जुलैतले तीन दिवस येऊन राहावं, रोजच्या भाड्याने. दिवसभर पाऊस, मोबाईलला रेंज येऊन-जाऊन, वीज कधी दोन तास नाही. तिसऱ्या रात्री पंगतीत बसून त्यातले आजोबा आणि सहा वर्षांची मुलगी दोघंही "अजून एक दिवस राहू या" म्हणाली, तर सकाळी करार पुढे ठेवायचा.