प्रश्न वाचकांचे : कार्यालयातील सॉफ्टवेअरचे रूप बदलते तेव्हा

प्रश्न : मी नागपुरात सिव्हिल लाइन्स भागातील एका निमसरकारी कार्यालयात आस्थापना शाखेची वरिष्ठ लिपिक आहे. नोकरीला २२ वर्षे झाली. आमच्याकडे बरीच वर्षे मायक्रोसॉफ्ट ऑफिसची २०१० ची आवृत्ती होती. दिवाळीच्या सुट्टीत सर्व संगणकांवर नवी, वार्षिक वर्गणीची आवृत्ती बसवण्यात आली आणि सुट्टीनंतर कामावर आलो तेव्हा समोरचा पडदा ओळखीचा राहिला नव्हता. वरच्या कोपऱ्यात मी स्वतः लावून घेतलेली छोटी बटणे नाहीशी झाली होती. सेव्ह करायला गेले की पूर्ण पानभर काहीतरी उघडते आणि आधी इंटरनेटवरची जागा दाखवते. हे सारे मी सहन केले असते. पण हिवाळी अधिवेशनाच्या काळात एका लक्षवेधी सूचनेसाठी रिक्त पदांची माहिती तासाभरात मागण्यात आली. नेहमीप्रमाणे मी गेल्या वर्षीचे विवरणपत्र उघडले, त्यात नवे आकडे भरले आणि ‘सेव्ह ॲज’ शोधू लागले, तर ते शब्दच कुठे दिसेनात. शेवटी फाइल बंद केली, तेव्हा बदल जतन करायचे का, असेही संगणकाने विचारले नाही. गेल्या वर्षीचे आकडे पुसले गेले होते. साहेब रागावले. शेजारच्या टेबलावरील तरुण सहकारी म्हणाला, ‘मॅडम, आता हे शिकूनच घ्या.’ त्याच्या मनात वाईट नव्हते, पण ते शब्द मला फार लागले. दोष माझ्या वयाचा आहे का? आणि जुने रूप परत आणता येईल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी गेलेल्या आकड्यांचे पाहू, कारण ते बहुधा अजून मिळू शकतील. ती फाइल उघडा आणि खिडकीच्या वरच्या पट्टीत जेथे फाइलचे नाव दिसते त्या नावावर क्लिक करा; तेथे ‘व्हर्जन हिस्टरी’ हा पर्याय मिळेल. फाइलच्या आधीच्या प्रती तारीख व वेळेसह उजवीकडे दिसू लागतील. आपण बदल करण्यापूर्वीची प्रत उघडून ती वेगळ्या नावाने जतन करून ठेवा. हे काम लांबणीवर टाकू नका.

आता असे का घडले ते. २०१० च्या आवृत्तीत आपण सांगितल्याखेरीज संगणक मूळ फाइलवर काहीही लिहीत नसे. त्यामुळे गेल्या वर्षीचे विवरणपत्र उघडायचे, त्यावरच नवे आकडे भरायचे आणि शेवटी वेगळे नाव द्यायचे, ही पद्धत पूर्णपणे सुरक्षित होती. राज्यभरातील लिपिक वर्ग वर्षानुवर्षे असेच काम करत आला आहे. नव्या आवृत्तीत मात्र वनड्राइव्हवर, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरील साठ्यात, ठेवलेल्या फाइलसाठी ‘ऑटोसेव्ह’ आपोआप सुरू असते आणि आपण टाइप केलेला प्रत्येक आकडा काही सेकंदांत मूळ फाइलवरच लिहिला जातो. तेथे ‘सेव्ह ॲज’ राहत नाही; त्याच्या जागी ‘सेव्ह अ कॉपी’ असते. म्हणून यापुढे क्रम उलटा ठेवावा : जुनी फाइल उघडताच, एकही अक्षर न बदलता, आधी तिची प्रत वेगळ्या नावाने करावी आणि मगच त्या प्रतीत आकडे भरावेत. वरच्या डाव्या कोपऱ्यात ऑटोसेव्हचे बटण आहे. त्या फाइलपुरते ते बंदही करता येते.

ऑटोसेव्ह ही वाईट सोय नाही. ऐन कामात वीज गेल्यावर दोन तासांचे टंकलेखन वाहून गेल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना तिचे मोल सांगायला नको. परंतु बटणाचा रंग बदलणे आणि ‘मी सांगेपर्यंत मूळ कागदाला हात लागणार नाही’ हा भरवसा काढून घेणे, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचा बदल करताना काम करणाऱ्या प्रत्येकाला तो समक्ष सांगितला गेलाच पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत आवृत्ती बदलून, अर्ध्या दिवसाचेही प्रशिक्षण न देता अधिवेशनाच्या तोंडावर ती आपल्या हाती देण्यात आली. आपल्या हातून झालेल्या चुकीचे मूळ तेथे आहे, असे मला स्पष्टपणे वाटते.

वयाबद्दल आपण विचारले आहे. मराठी टंकलेखनाची ३० शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती कळफलकाकडे पाहत नाही. कोणती कळ कोठे आहे हे तिला विचारले तर ती क्षणभर थांबेल, पण तिची बोटे थांबणार नाहीत. उद्या कोणी त्या कळांची जागा बदलली तर सर्वांत जास्त अडखळेल ती हीच व्यक्ती, आणि ज्याला मुळात टंकलेखन येत नाही त्याला काहीच फरक जाणवणार नाही. आपल्या सहकाऱ्याकडे जुन्या आवृत्तीची सवयच नव्हती, म्हणून त्याचे काही गेले नाही. आपला वेग मंदावला तो बावीस वर्षांच्या सरावामुळे. पडदा बदलणाऱ्यांच्या हिशेबात या सरावाची किंमत धरलेली नसते, ही माझी जुनी तक्रार आहे.

असा प्रसंग पूर्वीही एकदा आला होता. ऑफिसच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत वर मेनूंची ओळ असे. २००७ च्या आवृत्तीत ती काढून रुंद ‘रिबन’, म्हणजे टॅबमध्ये विभागलेली बटणांची पट्टी, आणली गेली आणि जगभरातील कार्यालयांत हीच चिडचिड झाली. त्या बदलामागे कारण होते. वर्डच्या २००३ च्या आवृत्तीत आज्ञांची संख्या दीड हजारांवर गेली होती, टूलबार ३१ झाले होते आणि लोक कंपनीकडे ज्या सोयी मागत त्यांतील अनेक सोयी आत आधीपासूनच होत्या, फक्त कोणाला सापडत नव्हत्या. आपल्या कार्यालयांतील सहा गठ्ठे पद्धत आठवून पाहा : कागद कोणाचा आहे यापेक्षा त्यावर पुढे काय करायचे आहे हे पाहून, प्रतीक्षेतील प्रकरणे एका गठ्ठ्यात, नियतकालिक विवरणपत्रे दुसऱ्यात, स्थायी आदेश तिसऱ्यात, अशी विभागणी केली जाते. रिबनही आज्ञांची विभागणी कामानुसार करते. पानाची मांडणी एका टॅबमध्ये, एकच पत्र अनेकांच्या नावे काढण्याचे ‘मेल मर्ज’ दुसऱ्यात. नव्या माणसाला ती लवकर उमगते. ज्याने आपला कागद शिवलेल्या जुन्या गठ्ठ्यातही डोळे मिटून काढला असता, त्याला मात्र सारे पुन्हा लावावे लागते. त्याच २००७ च्या आवृत्तीत ‘फाइल’ हा शब्द काढून त्या जागी नुसते एक गोल चिन्ह ठेवले होते, आणि पुढच्याच, म्हणजे आपण वापरत असलेल्या २०१० च्या आवृत्तीत ‘फाइल’ हा शब्द परत आला. बनवणाऱ्यांचे निर्णयही चुकतात आणि बदलतात, हे त्यावरून दिसते.

जुने रूप जसेच्या तसे परत आणता येणार नाही, आणि २०१० ची आवृत्ती पुन्हा बसवून मागावी असेही मी सांगणार नाही. तिला मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती १३ ऑक्टोबर २०२० रोजी थांबली. संगणक विभागाने ती काढली हे योग्यच केले. पण आपल्या हातांना सोयीची मांडणी बरीचशी पुन्हा उभी करता येते. नाहीशी झालेली छोटी बटणे ज्या पट्टीत होती, तिचे नाव ‘क्विक ॲक्सेस टूलबार’. रिबनवर उजवे क्लिक करून ती दाखवण्याचा पर्याय निवडा. त्यानंतर रोजच्या वापरातील कोणत्याही आज्ञेवर उजवे क्लिक केले की ती या पट्टीत घालता येते. आठ-दहा आज्ञा पुरेत. ऑल्ट दाबून १ दाबले की पट्टीतील पहिली आज्ञा चालते, २ ने दुसरी. त्यामुळे पट्टीतील क्रम एकदा ठरवला की तो बदलू नका, बोटे तो आठवडाभरात शिकतील. ही सारी मांडणी ‘फाइल’मधील ‘ऑप्शन्स’मधून एका छोट्या फाइलमध्ये काढून घेता येते आणि टेबल बदलले तर दुसऱ्या संगणकावर भरता येते.

पानभर उघडणारा तो पडदा टाळायचा असेल तर एफ १२ ही कळ दाबा; जतन करण्याची जुनी, छोटी चौकट थेट समोर येईल. ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ या भागात, फाइल नेहमी आधी स्वतःच्या संगणकावर जतन व्हावी, अशी खूणही करता येते. मात्र तशा फाइलला ऑटोसेव्हचे संरक्षण नसते, तेव्हा सेव्ह करण्याची आणि दुसरीकडे प्रत ठेवण्याची जबाबदारी पूर्वीप्रमाणे आपली. एखादी आज्ञा सापडतच नसेल तर ऑल्ट आणि क्यू एकत्र दाबून वरच्या शोधचौकटीत तिचे इंग्रजी नाव टाइप करावे. एक्सेलमध्ये तर २००३ च्या मेनूंच्या कळा अजून चालतात : ऑल्ट आणि ई, मग एस, मग व्ही आणि शेवटी एंटर दाबले की कॉपी केलेल्या भागातील सूत्रे वगळून केवळ त्यांची उत्तरे चिकटवली जातात. मेनू जाऊन इतकी वर्षे झाली तरी ही वाट बुजवली गेलेली नाही, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

एक काम कार्यालयाच्या पातळीवरही करावे. घडलेला प्रकार एका टिपणीत लिहून वरिष्ठांसमोर ठेवा. अधिवेशनाच्या आधीचे दोन महिने आवृत्ती बदलू नये, बदल करण्यापूर्वी प्रत्येक शाखेतील एका संगणकावर नवी आवृत्ती पंधरा दिवस वापरून पाहू द्यावी आणि ऑटोसेव्हची माहिती लेखी परिपत्रकाने द्यावी, एवढ्या तीन मागण्या पुरेशा आहेत. ती टिपणी आपण लिहावी, कारण नेमके काय बिघडते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक नाही.

प्रश्न : आमच्या छोट्या पतसंस्थेत वर्गणीचा खर्च परवडत नाही आणि रिबनचीही कोणाला सवय नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस हे सॉफ्टवेअर घ्यावे का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : विचार अवश्य करावा. ते विनामूल्य आहे, आणि त्यात जुन्या पद्धतीचे मेनू व टूलबार हवेत की रिबनसारखी टॅबची मांडणी, हे वापरणाऱ्यालाच ‘व्ह्यू’ मेनूतील ‘यूजर इंटरफेस’मधून निवडता येते. एका टेबलावर एक रूप आणि दुसऱ्यावर दुसरे असे ठेवले तरी फाइल एकच राहते. मात्र इतर संस्थांकडून येणाऱ्या वर्ड फाइलमधील तक्ते आणि पानांच्या सीमा कधी कधी सरकतात, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मराठी मजकूर तो फॉन्ट संगणकावर नसल्यास वाचता येत नाही. म्हणून आपल्या नेहमीच्या वापरातील कर्जाचा अर्ज, ताळेबंद आणि सभेची नोटीस अशा तीन फाइल आधी त्यात उघडून, छापून पाहा आणि मगच ठरवा.