‘नाकर्तेपणा’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? तो ‘अकार्यक्षमता’च्या जागी वापरता येतो का?

सरसकट नाही. कर्ता म्हणजे करणारा, जबाबदारी पेलणारा. ‘घरातला कर्ता माणूस’ म्हणतो तो. त्याला नापसंत, नालायक यांतला नकारार्थी ‘ना’ लागला की नाकर्ता. म्हणून नाकर्तेपणात नुसता कौशल्याचा अभाव नसतो. काम करणं ज्याचं कर्तव्य होतं, ज्याच्या हाती अधिकार होता, त्याच्याकडून काहीच झालं नाही, असा ठपका त्यात असतो.

‘प्रशासनाच्या नाकर्तेपणामुळे पूरग्रस्तांना वेळेवर मदत मिळाली नाही’ हे वाक्य चपखल आहे. पण नवशिक्या माणसाला काम जमलं नाही, तर तो नाकर्तेपणा नव्हे, अननुभव. आजारपणामुळे घरी बसलेल्याला नाकर्ता म्हणणं तर मला क्रूरपणाचं वाटतं.

‘अकार्यक्षमता’ त्यामानाने कोरडा शब्द. काम होतं, पण रेंगाळत किंवा जास्त खर्चात. यंत्रही अकार्यक्षम असू शकतं. नाकर्तं मात्र नाही, कारण यंत्राला कर्तव्य नसतं. ‘असमर्थता’ बहुधा नम्र नकारासाठी येतो: ‘त्यांनी येण्यास असमर्थता दर्शवली.’

नाकर्तेपणा पुल्लिंगी आहे. तो झाकला जातो, उघडा पडतो, चव्हाट्यावर येतो. विशेषण नाकर्ता, नाकर्ती, नाकर्ते असं बदलतं. शब्द जहाल आहे, त्यामुळे कार्यालयीन पत्रात ‘अकार्यक्षमता’ किंवा ‘दिरंगाई’ लिहा आणि जिथे खरोखर जाब विचारायचा आहे तिथे ‘नाकर्तेपणा’ बिनदिक्कत वापरा.